निर्वासित म्हणून केलेल्या अर्जाचा निकाल लागत नाही आणि व्हिसा संपत आलाय: अशा वेळी काय सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दापोली तालुक्यातल्या तुमच्या घराची माडी अफगाणिस्तानातून कृषीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाला भाड्याने दिली आहे. काबूल तालिबानच्या ताब्यात गेल्यापासून त्याला परत जायची सोय उरलेली नाही. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे, म्हणजे यूएनएचसीआरकडे, त्याने दोन वर्षांपूर्वी नाव नोंदवलं, पण मुलाखतीचं बोलावणं आलेलं नाही. प्रबंध महिन्याभरात सादर होईल, विद्यार्थी व्हिसा चार महिन्यांनी संपेल, आणि पोलीस पाटील तुम्हाला ‘कशाला नसती बिलामत’ म्हणून घर रिकामं करून घ्यायला सांगतायत. निकाल लवकर लागावा म्हणून काय करता येईल आणि मुंबईतल्या कुणाची ओळख काढून उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय.

ओळखीचं आधी सांगतो. उपयोग होणार नाही. यूएनएचसीआरची नोंदणी, मुलाखत, कार्ड, सगळं विनामूल्य असतं आणि पैसे किंवा शिफारस देऊन रांगेत पुढे जाता येत नाही. ‘करून देतो’ म्हणणारा एजंट नुसते पैसे खाऊन थांबत नाही. फाईल ‘भक्कम’ करायला एखादं धमकीचं बनावट पत्र किंवा ठोकळेबाज कहाणी तो आत घुसवतो, आणि ते उघडं पडलं की खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता मूळ अडचण. तुम्ही एकाच अर्जाबद्दल विचारताय, पण हा मुलगा दोन वेगळ्या रांगांत उभा आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर आणि १९६७ च्या पूरक प्रोटोकॉलवर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमारचे वगैरे लोक यूएनएचसीआरकडे जातात. तो माणूस निर्वासित आहे की नाही हे यूएनएचसीआर ठरवतं. त्याने भारतात राहायचं की नाही, आणि कोणत्या कागदावर, हे मात्र भारत सरकार ठरवतं. निर्वासित कार्ड मिळालं तरी ते व्हिसा नव्हे. म्हणजे पहिल्या रांगेत दोन वर्षं जाणं त्रासाचं असलं तरी त्यामुळे त्याचं इथलं राहणं बेकायदा होत नाही. दुसऱ्या रांगेत एक तारीख चुकली तर होतं. तुमचं सगळं लक्ष पहिलीवर आहे, आणि तुमच्याकडे चार महिने आहेत ते दुसरीसाठी.

तरी पहिलीतला उशीर कशाने होतो ते समजून घ्या, कारण नुसती रांगेत थांबलेली फाईल आणि कारणाने अडकलेली फाईल यांत फरक असतो. नोंदणी झाली की अर्ज विचाराधीन असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. मग सविस्तर मुलाखत, मग निर्णय. नकार आला तर अपील, ज्याला साधारण ३० दिवस मिळतात आणि जे पहिला निर्णय न घेतलेला अधिकारी बघतो. या टप्प्यांना आपल्याकडे कायद्याने घातलेली कालमर्यादा नाही. युरोपीय संघाच्या नियमांत निदान २१ महिन्यांची कमाल मर्यादा लिहिलेली आहे. इथे बोट ठेवायला तसं कलमच नाही. त्यात ऑगस्ट २०२१ नंतर अफगाणांची गर्दी वाढली. दरी, पश्तो, हजारगी बोलणारे दुभाषे लागतात. आणि क्रमही केवळ तारखेवर लागत नाही. एकटी मुलं, आजारी माणसं, छळ सोसलेले, धोक्यात असलेल्या बायका यांना आधी बोलावतात. धडधाकट, अविवाहित, हातात चालू विद्यार्थी व्हिसा असलेला पुरुष मागे राहतो, आणि तो अन्याय आहे असं मला वाटत नाही. मात्र त्याची परिस्थिती बदलली असेल तर ती कळवायलाच हवी: व्हिसा चार महिन्यांनी संपतोय, मानसिक उपचार चालू आहेत, गावाकडे घरच्यांना त्रास झाला. सोबत कागद जोडायचा. पुढे सरकण्याचा सरळ मार्ग एवढाच.

कोकणातून फाईल अडकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे फोन. मुलाखतीची वेळ फोनवर किंवा ईमेलवर कळवतात. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत रेंज नसते, दिल्लीचा नंबर दोनदा वाजून बंद होतो, आणि फायलीवर ‘संपर्क होत नाही’ असा शेरा पडतो. कधी नोंदणीच्या वेळी दिलेलं सिम व्हिसाच्या मुदतीबरोबर बंद पडलेलं असतं. म्हणून या आठवड्यात त्याने आपला नोंदणी क्रमांक घालून चार ओळींचा ईमेल पाठवावा: सध्याचा नंबर, दुसरा एक पर्यायी नंबर (तुमची तयारी असेल तर तुमचा), पूर्ण पत्ता, आणि प्रमाणपत्राची मुदत कधी संपते. संपत आली असेल तर नूतनीकरण मागावं. मुदत संपलेलं प्रमाणपत्र खिशात घेऊन वर्षभर फिरणारे लोक बरेच असतात.

दुसरं कारण नाव आणि जन्मतारीख. अफगाण ओळखपत्रावर, म्हणजे तझकिऱ्यावर, बऱ्याचदा एकच नाव असतं, पुढे वडिलांचं आणि आजोबांचं. पासपोर्ट काढताना आडनाव जोडलं जातं, विद्यापीठाच्या नोंदीत तिसरंच काहीतरी होतं. वय तर अनेकदा ‘१३९० साली १२ वर्षांचा’ असं लिहिलेलं असतं. ते साल त्यांच्या सौर हिजरी पंचांगाचं. वर्ष नवरोजला, २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे इसवी सन काढताना तारखेनुसार ६२१ किंवा ६२२ मिळवायचे. १३९० वजा १२ म्हणजे जन्मसाल १३७८, आणि ते मार्च १९९९ ते मार्च २०००. एका कागदावर १९९९, दुसऱ्यावर २०००, तिसऱ्यावर १ जानेवारी, असं झालं की दोन्ही रांगांत प्रश्न उभा राहतो. कागद बदलायला धावू नका. त्यातून जास्त गोंधळ होतो. कुठल्या कागदावर काय आहे आणि फरक का पडला, याचं एक पानी स्पष्टीकरण त्याने स्वतः लिहून, सही करून दोन्ही फायलींत सारख्याच मजकुराचं ठेवावं.

मुलाखतीची तयारी करायला मोकळा वेळ आहे तो वापरा. ‘अफगाणिस्तानात परिस्थिती वाईट आहे’ हे समोरच्याला माहीत असतं. त्याला हवं असतं ते ‘तुलाच का?’ याचं उत्तर. घरच्या कुणी परदेशी प्रकल्पात किंवा जुन्या सरकारात नोकरी केली होती का, त्याचा समाज कोणता, त्याने स्वतः काही लिहिलं-बोललं का, कुणी कधी धमकावलं. हे त्याने आपल्या भाषेत, क्रमाने, आठवेल तसं लिहावं. तारखा त्यांच्याच पंचांगात लिहून शेजारी इसवी सन. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहावं. तुम्ही किंवा कुठल्या प्राध्यापकांनी ते ‘नीट’ करून देऊ नका, कारण पाठ केलेलं निवेदन मुलाखतीत लगेच ओळखू येतं. धमकीचे मेसेज ज्या फोनवर आले तो फोन विकू नये, चॅट पुसू नये. स्क्रीनशॉटला मूळ मेसेजइतकं वजन नसतं.

आता दुसरी रांग. सगळ्यात आधी त्याचा पासपोर्ट कधी संपतो ते बघा. व्हिसावाढीसाठी पासपोर्ट चालू असावा लागतो. आणि इथेच खरी मेख आहे. दिल्लीतला अफगाण दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये जुन्या सरकारच्या मंडळींनी कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं, आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासात २०२४ मध्ये तालिबानने आपला माणूस नेमला. ज्या सत्तेपासून भीती आहे म्हणून तो आश्रय मागतोय, तिच्याच कार्यालयात जाऊन पासपोर्ट वाढवून घेतला तर पुढे ‘मग भीती कसली?’ हा प्रश्न रास्तपणे येतो. शिवाय त्याचा इथला पत्ताही तिकडे कळतो. कधी नाइलाजाने जावंच लागतं, पण ते पाऊल आधी वकिलाशी आणि यूएनएचसीआरच्या कायदा सहाय्य करणाऱ्या संस्थेशी बोलल्याशिवाय टाकू नये. ‘मुंबई जवळच आहे, एका दिवसात होऊन जाईल’ असं तुम्ही त्याला चांगल्या मनाने सुचवाल, म्हणून एवढं लांबवून लिहिलं.

पासपोर्ट चालू आहे असं धरू. प्रबंध सादर झाला म्हणजे शिक्षण संपलं असं नाही. तोंडी परीक्षा, दुरुस्त्या, पदवीचा कागद हे बाकी असतं. विभागप्रमुखांकडून नेमक्या शब्दांत दाखला घ्या: प्रबंध कधी सादर होणार, तोंडी परीक्षेला साधारण कधीपर्यंत लागेल, तोवर त्याची उपस्थिती का हवी. ‘बोनाफाइड विद्यार्थी आहे’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्यावर वाढ अडते, कारण किती दिवसांची द्यायची ते त्यातून कळत नाही. या दाखल्यावर परकीय नागरिकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवरून व्हिसावाढीचा अर्ज मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी करावा. पोर्टलवर अर्ज टाकून विसरायचं नसतं. ‘हा कागद पुन्हा जोडा’ असा ईमेल येतो, आणि उत्तर गेलं नाही तर अर्ज बंद होतो. आठवड्यातून दोनदा लॉगिन करून बघावं.

काही जण सुचवतील की कुठल्यातरी छोट्या कोर्सला नावापुरता प्रवेश घे आणि व्हिसा वाढव. करू नका. हजेरी नसलेला प्रवेश पडताळणीत उघडा पडतो आणि मग व्हिसाही जातो, विश्वासही.

ही वाढ मिळाली तरी ती काही महिन्यांची. त्यापुढचा मार्ग म्हणजे दीर्घकालीन व्हिसा. गृह मंत्रालयाची डिसेंबर २०११ ची कार्यपद्धती आहे, २०१९ मध्ये सुधारलेली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची रास्त भीती असल्याचं दिसलं, तर सुरक्षा पडताळणी करून राज्य सरकार केंद्राकडे शिफारस करू शकतं. असा व्हिसा मिळाल्यावर खासगी नोकरी आणि शिक्षण दोन्हीची मुभा असते. पण हा हक्क नाही, सरकारची मर्जी आहे, आणि यूएनएचसीआरचं कार्ड हाती असेल तर शिफारशीला आधार मिळतो, नसेल तर फाईल हलकी पडते. म्हणून हा अर्ज आत्ता करायचा की मुलाखतीनंतर, हे त्याचं प्रकरण कागदोपत्री किती भरीव आहे त्यावर ठरेल. एक विचारून घ्या: तो अफगाण शीख किंवा हिंदू आहे का? असेल तर त्याला वेगळ्या सवलती लागू होऊ शकतात आणि माझं बरंचसं उत्तर बदलेल.

जिल्ह्यात परकीय नागरिकांचे नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक, तुमच्यासाठी रत्नागिरीचे. प्रत्यक्ष काम जिल्हा विशेष शाखेत चालतं आणि चौकशी दापोली ठाण्यातला गोपनीय अंमलदार करतो. किनारपट्टीवर ही चौकशी जरा कडकच असते, आणि त्याला कारण आहे. १९९३ ची स्फोटकं श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरली होती, आणि २००८ नंतर तर सागरी सुरक्षेचा भाग म्हणून प्रत्येक अनोळखी माणसाची नोंद बघितली जाते. त्यात अंमलदार येतो तेव्हा घराला कुलूप, शेजारी म्हणतात ‘कोण परदेशी, माहीत नाही’, आणि अहवाल ‘दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही’ असा जातो. आपल्याकडचे पत्ते ‘मुक्काम पोस्ट, अमुक वाडी’ एवढेच असतात. त्याच्या सगळ्या कागदांवर तुमच्या घरपट्टीच्या उताऱ्यावरचा, म्हणजे नमुना ८ वरचा घर क्रमांक एकसारखा येऊ द्या. गणपतीत आणि शिमग्यात पोलीस बंदोबस्तात असतात, त्या पंधरवड्यात चौकशीचा कागद हलेल अशी अपेक्षा धरू नका आणि अर्जाची वेळ ते धरून ठरवा.

तुमची स्वतःची बाजूही तपासा. परदेशी माणूस घरी ठेवला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो भरला होता का? लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदणीकृतच लागतो, वहीच्या पानावरचा चालत नाही. ही दोन्ही कामं झालेली असतील तर पोलीस पाटलांना त्याच्या झेरॉक्स द्या. चालू व्हिसा असलेल्या परदेशी माणसाला घर भाड्याने देणं हा गुन्हा नाही. त्यांना घोर आहे तो आपल्या गावात नोंद नसलेला माणूस राहतोय की काय याचा, आणि तो रास्त आहे. कागद बघितले की बहुतेकदा आवाज खाली येतो. कागद अपुरे असतील तर मात्र त्यांच्याशी वाद न घालता आधी ते पूर्ण करा.

हे मी एवढ्यासाठी ताणतोय की १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झालाय, आणि जुने चार कायदे गेले. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्ज प्रलंबित आहे म्हणजे व्हिसा आपोआप वाढला, असा समज ठेवू नका. पण मुदत संपण्याआधीची तारीख असलेली अर्जाची पोच हातात असणं आणि काहीच नसणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात माणूस लपलेला नव्हता हे दिसतं.

नोकरीचं सांगायचं तर विद्यार्थी व्हिसावर किंवा यूएनएचसीआरच्या नुसत्या प्रमाणपत्रावर पगारी काम करता येत नाही. हंगामात हापूसच्या पेट्या भरायला रोजावर बोलावण्याचा मोह होईल, तर नको. ‘बागेतला नेपाळी राखणदार कसा चालतो मग?’ असं कुणीतरी विचारेलच. तो चालतो १९५० च्या भारत-नेपाळ कराराने. अफगाणिस्तानशी तसा करार नाही. आणि एजंटकडून भारतीय म्हणून आधार कार्ड काढायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो आजच काढून टाका. त्या एका कार्डाने आश्रयाचं प्रकरण फौजदारी होतं.

अर्ज जिल्ह्यातच महिनोन्महिने थांबला तर काय? आधी लेखी विचारणा, एक पान: अर्ज क्रमांक, तारीख, काय मागितलं, शेवटचा शेरा काय आणि कधीचा. अधीक्षक कार्यालयात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घ्या, प्रत मंत्रालयातल्या गृह विभागाला स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. माहितीचा अधिकार लोकांना चटकन सुचतो, पण तो कायद्याने फक्त भारतीय नागरिकांना आहे. तुम्ही त्याच्या वतीने अर्ज केलात तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याचं नाव आणखी चार टेबलांवर फिरतं. या प्रकारच्या फायलीत मी तो मार्ग टाळतो.

शेवटी उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, तेव्हा मुंबईची फेरी वाचते. जगण्याचा अधिकार नागरिक नसलेल्यालाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या चकमा प्रकरणात सांगितलंय. मणिपूर उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्यानमारच्या सात जणांना यूएनएचसीआरकडे जाण्यासाठी दिल्लीपर्यंत सुरक्षित जाऊ दिलं. दुसरीकडे, देशात कुठेही राहण्या-स्थायिक होण्याचा हक्क फक्त नागरिकांचा, हेही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. त्यामुळे सरकारी अर्जावर कोर्ट बहुतेक एवढंच सांगेल की अमुक आठवड्यांत निर्णय घ्या. काय निर्णय घ्या, ते सांगणार नाही. इथे थांबून विचार करा. पासपोर्ट संपलेला, नावांचा घोळ न सुटलेला, मुलाखत न झालेली अशा अवस्थेत घाईने निर्णय मागितला तर तो नकाराचा येऊ शकतो, आणि नकारासोबत देश सोडण्याची नोटीस. उशीर नकोसा असतो, पण फाईल कच्ची असताना तो त्याच्याच बाजूचा असतो. कोर्टाची पायरी चढायची ती फाईल पक्की झाल्यावर, किंवा पोलिसांची कारवाई प्रत्यक्ष समोर आली तर लगेच. खर्च झेपत नसेल तर रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा, या प्राधिकरणाचा कायदा ‘नागरिक’ नव्हे तर ‘व्यक्ती’ म्हणतो.

तिसऱ्या देशात पाठवणीचीही आशा त्याला असेल. त्यासाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही, यूएनएचसीआर निवडतं, आणि जगभरातल्या निर्वासितांपैकी एक टक्काही लोकांना ती मिळत नाही. तिच्यावर बेत आखू नये.

मुलाखतीचं बोलावणं आलंच तर मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीहून थेट निजामुद्दीनला जाते. जाण्याआधी किती दिवस पत्त्यावर नसणार हे ठाण्यात लेखी कळवावं, नाहीतर नेमका त्याच आठवड्यात अंमलदार येतो. मूळ कागद जवळ, झेरॉक्सचा एक संच तुमच्याकडे.

आणि एखाद्या स्थानिक वार्ताहराला ‘दापोलीतला अफगाण विद्यार्थी’ म्हणून चांगली बातमी करायची असेल, तर कृपया नाही म्हणा. फोटो फेसबुकवर गेला की काबूललाही दिसतो, आणि तिकडे त्याचे आईवडील असतील.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: पासपोर्टची अखेरची तारीख, व्हिसावर शेवटची वाढ कधीची आहे, आणि यूएनएचसीआरच्या प्रमाणपत्राची मुदत. तेवढ्या तारखा लिहा. त्याचं नाव, गाव किंवा कुठलाही क्रमांक इथे लिहू नका.